सान्तियागोचे बेडूक

१/ चिलीची राजधानी सान्तियागो, विसाव्या शतकाची अखेर. रस्त्याकडेला एक माणूस वही घेऊन उभा असे. पिवळी बस जवळ येताच तो ओरडून सांगे, आधीची गाडी किती मिनिटांपूर्वी गेली. चालक खिडकीतून त्याला नाणे देई. शहरात या माणसाला ‘सापो’ म्हणत; सापो म्हणजे बेडूक.

२/ ही माहिती विकत घेण्याजोगी होती, कारण चालकाची कमाई तिकिटांवर ठरे. पुढची गाडी जवळ असेल, तर तिला मागे टाकल्यावाचून प्रवासी मिळत नसत. ती दूर गेली असेल, तर रेंगाळण्यात लाभ. तेवढ्यात थांब्यांवर माणसे साठत. वेग आणि संथपणा, दोन्ही एकाच हिशेबातून येत.

३/ या स्पर्धेला मोकळे रान दिले ते पिनोशे यांच्या लष्करी राजवटीने. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मार्ग आणि भाडे यांवरील नियंत्रणे उठत गेली. गाड्या वाढल्या, पण भाडेही वाढले. १९९० च्या दशकात लोकशाही सरकारने मार्गांसाठी निविदा काढल्या, गाड्यांना पिवळा रंग दिला. कमाईची रीत मात्र तीच राहिली.

४/ तिची झळ सर्वांत आधी शाळकरी मुलांना बसे. त्यांचे तिकीट सवलतीचे. गणवेश दिसताच अनेक चालक न थांबता पुढे निघून जात.

५/ १० फेब्रुवारी २००७ रोजी ‘ट्रान्सान्तियागो’ ही नवी व्यवस्था आली. रोख भाड्याऐवजी कार्ड, चालकांना ठरावीक वेतन. शर्यतीचे कारण संपले. पण बस अपुऱ्या पडल्या, मेट्रोत श्वास घेणे कठीण झाले आणि राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेत यांना जनतेची क्षमा मागावी लागली.

६/ त्याआधीच अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही वेतनपद्धती ताडून पाहिल्या होत्या. तिकिटावर कमावणाऱ्यांच्या हातून अपघात अधिक होत. ठरावीक वेतनावर प्रवाशांना अधिक काळ ताटकळावे लागे. पूर्वी चालक प्रवाशासाठी जीव धोक्यात घालत, आता प्रवासी असला काय, नसला काय, त्यांना सारखेच.

७/ म्हणून बसचालकाच्या उद्दामपणाला केवळ त्याचा स्वभाव म्हणून चालत नाही. त्याला पैसे कशाचे मिळतात, हे आधी पाहावे लागते. सान्तियागोने वेतनाची रीत बदलली, तेव्हा त्याच रस्त्यांवर तीच माणसे निराळी वागू लागली. थांब्यावर गणवेशात उभ्या असलेल्या मुलासाठी गाडी थांबावी, एवढी साधी गोष्ट मात्र कोणत्याच एका हिशेबात सहज बसली नाही.