लेडी ब्रॅकनेलची वही

परक्या मुलुखातली काही पात्रे अशी असतात, की त्यांच्यासाठी आपल्या घरी एक पाट मांडून ठेवावासा वाटतो. ऑस्कर वाइल्डची लेडी ब्रॅकनेल त्यांपैकी एक. ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ हे नाटक १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात प्रथम रंगभूमीवर आले. जाणकार त्यातल्या नावाच्या श्लेषाचे कौतुक करतात. मी ते पुन्हा पुन्हा वाचतो ते बाईंच्या हातातल्या वहीसाठी.

मुलीला मागणी घालणाऱ्या जॅकपुढे ही बाई वही-पेन्सिल घेऊन बसते. वय २९. उत्पन्न वर्षाला सात-आठ हजार पौंड. ते जमिनीचे नसून गुंतवणुकीचे आहे, हे ऐकून तिला बरे वाटते. यात नुसता विनोद नाही. १८७० नंतर विलायतेत धान्याचे भाव कोसळले होते आणि १८९४ साली मृताच्या मालमत्तेवर नवा कर बसला होता. जमीनदारी म्हणजे पोकळ वासा झाली होती, आणि बाईंना तो वासा वाजवून पाहता येत होता. पुढे आईबापांची चौकशी निघते. जॅक व्हिक्टोरिया स्टेशनवर एका हातपिशवीत सापडलेले मूल! वही तिथेच मिटते.

आमच्या आत्याबाईंना वही लागत नसे. पगार किती, घर मालकीचे की भाड्याचे, पाठच्या बहिणी किती उजवायच्या, हे प्रश्न त्यांना तोंडपाठ होते. माझ्या आतेबहिणीसाठी एक स्थळ आले. मुलगा हुशार, नोकरीला लागलेला. पण आईबाप लहानपणीच गेलेले आणि शिक्षण वार लावून जेवून झालेले. आत्याबाईंनी पाहुण्यांना चहा दिला, पोहे दिले आणि पत्रिका परत केली. बहीण काही बोलली नाही. पुढे तिला वाड्याचे घर मिळाले. संसारात उणे काहीच नव्हते. ती मनापासून हसलेली मात्र मी पुन्हा पाहिली नाही.

वाइल्डने जॅकला सोडवले. तो लेडी ब्रॅकनेलच्या सख्ख्या बहिणीचाच मुलगा निघतो. वार लावून जेवलेल्या मुलाची पिशवी कोणत्या स्टेशनवर सापडणार?

तिसऱ्या अंकात बाईंच्या कर्जबाजारी भाच्याने सेसिली नावाची मुलगी पसंत केलेली असते. बाई निघायच्या बेतात असतात. मुलीच्या नावावर १ लाख ३० हजार पौंड आहेत, असे कळताच त्या पुन्हा बसतात. मग तिला वळायला सांगतात, एका बाजूने न्याहाळतात, हनुवटी जरा वर धरायला लावतात. पुढे जॅक तिचा पालक म्हणून अडून बसतो: माझे लग्न होऊ द्याल, तर हिचे होऊ देईन. याला आपल्याकडे साटेलोटे म्हणतात. चालून दाखव, बोलून दाखव, एवढेच काय ते राहिले!

पण याच प्रसंगात बाई सहज सांगून जातात, की त्या स्वतः लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्याजवळ दमडी नव्हती. त्या वाक्यावर प्रेक्षक हसतात. मी थबकतो. आत्याबाईसुद्धा नारळ आणि मुलगी एवढ्यावर सासरी आल्या होत्या. लुगडे ओले असले तर दुसरे नाही, असे दिवस त्यांनी काढले होते. भिंत चढून आलेल्यालाच ती किती उंच आहे हे ठाऊक असते. मग तो पहाऱ्याला बसतो. त्याला गर्व म्हणावे, की भीती? आत्याबाईंचा मला राग होता आणि तो गेलेला नाही. पण त्या राखत होत्या ते घर नव्हते, ते जुने ओले लुगडे होते, हे मला या विलायती बाईने दाखवले.

ज्या समाजाने हे नाटक डोक्यावर घेतले, त्याचीही एक वही होती. एप्रिल १८९५ मध्ये वाइल्डला अटक झाली. नाटक चालू राहिले; जाहिरातींवरून नाटककाराचे नाव तेवढे काढून टाकले. मे महिन्यात नाटकही बंद पडले. नावावरून एवढे हसवणाऱ्या माणसाचे नावच त्या लोकांनी आधी खोडले.