आडनाव नसलेली शेजारीण

मैत्रिणींनो, ‘बदली’ हा शब्द ऐकला की बँकेतल्या माणसाच्या बायकोच्या पोटात कसा गोळा येतो, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना सांगायला नको. 2022 च्या जूनमध्ये आमच्या ह्यांची बदली साताऱ्याहून थेट तमिळनाडूत, तिरुचिरापल्लीला झाली. झालं! जो तो मला घाबरवायला लागला. तिथं हिंदी चालत नाही, माणसं तुटक असतात, सगळ्या स्वयंपाकाला खोबरेल तेल!

खोबरेलाचं खोटं निघालं. तिथल्या घरांत तिळाचं तेल चालतं. बाकीच्याही बऱ्याच गोष्टी मग एकेक करून खोट्या ठरल्या.

आम्हाला घर मिळालं श्रीरंगमला. कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांच्या मधलं हे बेट. रंगनाथाच्या देवळाचं 1987 साली पुरं झालेलं 236 फुटी राजगोपुर गच्चीवरून दिसे. पण मला गाव भेटलं ते दारातल्या सड्यापासून. उजाडायच्या आत शेजारच्या अक्का अंगण धुऊन, ठिपके टाकून तांदळाच्या पिठाचं कोलम काढायच्या. पीठ का, तर मुंग्यांचीही न्याहारी व्हावी!

त्यांनीच मला इडलीचं प्रमाण सांगितलं: चार वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या. त्यांनीच गजरा घ्यायला शिकवलं. मोगरा तिथं ‘मुळम’वर मिळतो, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या मापानं. “लांब हाताची फुलवाली बघून घ्यायचा!” अक्का हसून म्हणाल्या. निरोप घेताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येते’ म्हणायचं, हेही त्यांचंच शिक्षण. आपणही ‘येते हं’च म्हणतो की! आणि लहान मुलीलासुद्धा लाडानं ‘अम्मा’ म्हणायचं. माझी दुसरीतली लेक तर त्या ‘वाम्मा’वर इतकी खूश, की दिवसभर त्यांच्याकडेच.

तिच्या शाळेचा फॉर्म भरताना पहिली गंमत झाली. आमचं आडनाव वाचून कारकून म्हणाला, “हे कुणाचं नाव? इनिशियल सांगा.” तिथं बहुतेक लोक आडनाव लावतच नाहीत. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि पुढं आपलं नाव, संपलं. लग्नानंतर पुष्कळ बायका नवऱ्याचं आद्याक्षर घेतात. अक्का म्हणाल्या, “आमचे दोन मोठे नट तुमच्या शिवाजीमुळे ओळखले जातात, ठाऊक आहे का?” गणेशन यांनी अण्णादुरै यांच्या नाटकात शिवाजी महाराजांचं काम केलं आणि पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं. आणि रजनीकांत तर मूळचे शिवाजीराव गायकवाड. 1975 साली पहिला चित्रपट आला तेव्हा दिग्दर्शक बालचंदर यांनी दिलेलं नाव घेऊन आले, आणि आडनाव मागंच राहिलं.

आता खरी गोष्ट सांगते. सांगताना संकोच वाटतो, पण तुमच्यापासून काय लपवायचं?

2023 च्या जुलैत सासूबाई महिनाभर राहायला आल्या. अक्कांकडून डबा आला की त्या हळूच विचारायच्या, “अगं, पण ह्या कोण, काही कळलं का?” मी म्हणे, “माणसं चांगली आहेत.” पण खरं सांगू? तो प्रश्न माझ्याही मनात वर्षभर होता. आपल्याकडे आडनाव कळलं की पुढचं सगळं न विचारता कळतं. इथं नुसतं आद्याक्षर, त्यातून काय कळणार?

आणि एक दिवस मी विचारलंच. सरळ नव्हे, आडून. तुमचं मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, घरी मासे-मटण होतं का...

अक्का भाजी निवडत होत्या. हात थांबला. शांतपणे म्हणाल्या, “माझ्या आजोबांनी नावापुढचा शब्द काढून टाकला. तू तो माझ्या स्वयंपाकघरात शोधतेस?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साताऱ्याच्या शाळेत सातवीला समता शिकवणारी मी!

अक्कांनीच मग सांगितलं. 1929 साली चेंगलपट्टूला पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीची परिषद झाली. जातीची उपपदं टाकून द्यावीत आणि मुलींनाही वारसाहक्क मिळावा, असे ठराव तिथं झाले. वारशाचा कायदा तमिळनाडूत व्हायला 1989 उजाडलं, आपल्याकडे 1994, आणि साऱ्या देशात 2005. “शब्द गेला, पण जात गेली असं समजू नकोस,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलाच्या लग्नाच्या वेळी सगळ्यांनी तेवढंच विचारलं. म्हणून तरी तू विचारू नये, असं वाटलं.”

चार दिवस डबा आला नाही. लेक विचारी, “अक्का रागावल्या का?”

तीन ऑगस्टला आडी महिन्याचा अठरावा दिवस, म्हणजे आडिपेरुक्कु. हा आडी म्हणजे जवळजवळ आपला आखाड, नव्या सुनेला माहेरी धाडतात तोच. अठराव्या दिवशी बायका कावेरीची पूजा करतात, पिवळा दोरा बांधतात, आणि चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा असे भाताचे प्रकार घाटावर खातात. मी सकाळी साखरभात केला आणि अक्कांचं दार वाजवलं. क्षमा मागायचे शब्द पाठ केले होते, पण तोंडातून निघालं एवढंच, “अक्का, चुकले.” त्यांनी डबा हातातून घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, “केशर घातलंयस? चल, उशीर होतोय.”

सासूबाईही आल्या. अम्मा मंडपम घाटावर ही गर्दी! पूजा झाल्यावर अक्कांनी त्यांच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला आणि दहीभाताचं पान पुढं केलं. मी श्वास रोखून बघत होते. सासूबाईंनी क्षणभर पानाकडे पाहिलं, मग घास घेतला. दुसऱ्या घासाला विचारलं, “लोणचं कशाचं हो हे?”

‘ह्या कोण’ हा प्रश्न पुन्हा निघाला नाही. आम्ही आता साताऱ्याला परत आलोय, पण तो शब्द मला अजून ठाऊक नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या शेजारी कुणी नवं राहायला आलं, तर नाव जरूर विचारा. त्याच्यापुढचं विचारायची घाई झालीच, तर आधी एक वाटी काहीतरी गोडाचं नेऊन द्या. मग कदाचित विचारावंसंच वाटणार नाही.