गेंड्याची कातडी, प्लीज!

"तू ना, सगळं फार मनाला लावून घेतेस. जरा गेंड्याची कातडी कर!"

हा सल्ला मला आजवर किती जणांनी दिलाय, त्याची मोजदाद नाही. शाळेतल्या बाईंनी दिला, कॉलेजच्या ग्रुपने दिला, चिकलठाण्याच्या कंपनीत एचआरला लागल्यावर पहिल्या बॉसने दिला (दुसऱ्यानेही!). त्यामुळे गेल्या जूनमध्ये स्टेशन रोडवरच्या स्किनच्या डॉक्टर भिंगातून माझा गाल बघत म्हणाल्या, "अगं, कातडी किती पातळ करून घेतलीस ही!" तेव्हा मला आधी हसूच आलं. म्हटलं, घ्या, आता यासुद्धा!

पण त्या माझ्या स्वभावाबद्दल बोलत नव्हत्या. त्यांनी आरसा पुढे केला. गालावर बारीक लाल रेघांचं जाळं पसरलं होतं. त्या रेघा म्हणजे रक्तवाहिन्या. त्या सगळ्यांनाच असतात, पण वरचं पांघरूण झिजलं की दिसायला लागतात. शिवाय सततच्या औषधाने त्या फुगून रुंदही होतात.

आता फ्लॅशबॅक. दीड वर्षापूर्वी आमच्या घरी पाहण्याच्या कार्यक्रमांचा सीझन जोरात होता. निरोप यायचे, "मुलगी छान आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढचं कोणी बोलत नाही, आणि न बोलताही सगळ्यांना कळतं. त्यात रोजचा उस्मानपुरा ते चिकलठाणा प्रवास स्कूटीवर. क्रांती चौकातून जालना रोडला लागलं की मे महिन्याचं ऊन काय असतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. स्कार्फ, गॉगल, हातमोजे असा दरोडा घालायला निघाल्यासारखा अवतार करूनही गालावर काळपट पट्टा उमटलाच.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने ट्यूबचं नाव सांगितलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही, मीही विचारलं नाही. किंमत म्हणाल तर पिझ्झापेक्षा कमी. आणि खरं सांगू? जादूच झाली! आठ-दहा दिवसांत चेहरा असा उजळला की आईने चहा गाळता गाळता दोनदा वळून पाहिलं. फोटो बघून जालन्याच्या मामेबहिणीचा मेसेज आला, "ताई, काय लावतेस गं?" तेव्हा ती बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलला. मी आधी 'सिक्रेट' म्हणून भाव खाल्ला आणि दिवाळीला मामाकडे जाताना तिच्यासाठी एक ट्यूब घेऊन गेले. छान पिशवीत घालून, बरं का!

सहा-सात महिन्यांनी नाटक सुरू झालं. गॅससमोर उभं राहिलं की गाल पेटायचे. साधं पाणी लावलं तरी झोंबायचं. दोन दिवस क्रीम बंद केलं की चेहरा लालभडक व्हायचा आणि पुळ्या यायच्या. परत लावलं की शांत. मला वाटायचं, बघा, क्रीम किती गुणाचं!

डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली, बारीक अक्षरं वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवलं: मोमेटासोन. म्हणजे स्टेरॉइड. इसब किंवा सोरायसिस असणाऱ्याला नेमक्या जागी, नेमके दिवस दिलं तर गुणकारी औषध. मग माझा चेहरा उजळला कसा? उत्तर ऐकून मी खुर्चीतच खचले. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे त्वचा फिकी पडते. 1962 मध्ये शोधलेली, ही मलमं किती तीव्र आहेत ते ठरवायची चाचणीच मुळी यावर चालते. मलम लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. म्हणजे मी दीड वर्ष ज्याला 'ग्लो' म्हणत होते, ते औषधाच्या तीव्रतेचं माप होतं.

आणि आत काय चाललं होतं? त्वचेला जाडी मिळते ती मुख्यतः खालच्या थरातल्या कोलॅजनच्या धाग्यांमुळे. स्टेरॉइड ते धागे विणणाऱ्या पेशींना गप्प बसवतं, आणि वरच्या थरात नव्या पेशी बनण्याचं कामही मंदावतं. त्यात चेहरा हे सगळ्यात चुकीचं ठिकाण. 1967 मध्ये अमेरिकेत कोणी तरी मोजून ठेवलंय की हाताच्या आतल्या बाजूला जेवढं हायड्रोकॉर्टिसोन शोषलं जातं, त्याच्या सहापट कपाळावर आणि तेरापट जबड्याच्या कोपऱ्यावर शोषलं जातं. तळपायावर मात्र जेमतेम सातवा हिस्सा. थोडक्यात, टाचेला लावलं असतं तर एवढं बिघडलं नसतं!

"सगळ्यांची त्वचा सारखी नसते का?" मी विचारलं. त्या हसल्या. "तुझ्या एकटीचीच बघ ना." पापणीवरचा बाह्य थर साधारण 0.05 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्मा. तळव्यावर तोच दीड मिलिमीटर. पुरुषांची त्वचा बायकांपेक्षा जाड, ती हॉर्मोन्समुळे. आणि रंगाचा जाडीशी संबंध नाही. रंग देणाऱ्या पेशी गोऱ्या-सावळ्या सगळ्यांना जवळपास सारख्याच असतात, फरक पडतो तो त्या किती आणि कसं मेलॅनिन बनवतात त्याने. मी मनात त्या 'पण'वाल्या मंडळींना हे ऐकवून घेतलं.

आम्ही निघालो तेव्हा सोबत आलेल्या बाबांनी हात जोडले, आणि डॉक्टरांनी त्यांना थांबवलं. "काका, परत एकदा नमस्कार करा बघू?" बाबांनी केला. तळवे टेकले, पण बोटं एकमेकांना पूर्ण चिकटेनात. मधल्या फटीतून उजेड दिसत होता. "शुगर किती वर्षं?" "अठरा." रक्तात साखर जास्त राहिली की ती कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते, ते कडक होतात आणि बोटांची कातडी जाड, ताठ होत जाते. बाबांचा असा नमस्कार आम्ही घरात रोज बघतो! आम्हाला वाटायचं, वाळूजला मशीनवर हात राबलेत त्यांचे. डॉक्टरांनी त्यांना डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासून घ्यायला सांगितलं, कारण हे सगळं बरेचदा हातात हात घालून येतं. माझ्या गालाची तपासणी राहिली बाजूला, रिक्षात सगळं टेन्शन बाबांचं.

त्यानंतर मला नादच लागला. आजी मनगटावर बांगडी आपटली तरी जांभळा डाग घेऊन बसते. वयाने त्वचा इतकी विरलेली की आतल्या नसांना आधार नाही. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा तीन-तीनदा पुसून लावावा लागतो, बोटांवरच्या रेषाच सपाट झाल्यात. आईच्या तर एकाच हातावर दोन्ही गोष्टी. भाकरी थापून, भांडी घासून तळवा असा घट्ट झालाय की ती तव्यावरची भाकरी हातानेच उलटते. रोज दाब आणि घर्षण मिळालं की वरचा थर स्वतःला जाड करून घेतो. पण तिच्याच दंडाची कातडी गेल्या काही वर्षांत मऊसूत, पातळ झालीय. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळपास तीस टक्के कोलॅजन जाऊ शकतं, असं वाचलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग? तरी स्वयंपाक चुकलाय का एक दिवस?"

वाचता वाचता हेही सापडलं की असला शहाणपणा करणारी मी एकटी नाही. 2011 मध्ये एका मोठ्या भारतीय पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 जणांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. कोणी गोरं व्हायला, कोणी चक्क आफ्टरशेव्ह म्हणून. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. माझी ट्यूब त्यानंतरची.

इतकं सगळं वाचलं, पण जालन्याला फोन मात्र केला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. 'तिने कधीच बंद केलं असेल', 'परीक्षा चालू असेल'. बहाण्यांना काय तोटा! नऊ दिवस काढले असे. नवव्या दिवशी स्टाफला 'चूक झाली तर लगेच सांगा' असं ट्रेनिंग दिलं (हो, माझ्याच पीपीटीवर) आणि संध्याकाळी घरी पोचायच्या आधी, संत एकनाथ रंगमंदिरासमोर स्कूटी थांबवून नंबर लावला.

ती लावत होतीच. चौथी ट्यूब चालू होती. मी सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "ताई, तूच दिलीस म्हणून मी वाचलंपण नाही गं काय लिहिलंय ते."

त्या वाक्याला कुठली कातडी पुरणार होती?

रविवारी ती जालन्याहून रेल्वेने आली. स्टेशनवर घ्यायला गेले तर तिने स्कार्फ काढलाच नाही. डॉक्टरांनी बघितलं. तिचं माझ्याइतकं वाढलं नव्हतं. "परत नीट होईल ना?" तिने विचारलं, माझ्याकडे न बघता. डॉक्टर म्हणाल्या, जाडी बरीचशी भरून येते, काही महिने लागतात. सनस्क्रीन रोज. मध्ये चेहरा भडकेल, तेव्हा घाबरून परत ट्यूबकडे पळायचं नाही, इकडे यायचं. लाल रेघांचं मात्र वचन नाही. त्या हे माझ्याकडे बघून म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिने फोन काढला. मला वाटलं, मामीला लावतेय.

"रूममेटला," ती म्हणाली. "तिला मी दिली होती. आणि तिने समोरच्या रूममधल्या दोघींना."

फोन लागला. "ऐक ना, ती ट्यूब कुठाय? फेकू नकोस आत्ता, आधी नाव वाचून दाखव... हो, सगळं बारीक अक्षरातलं... आणि त्या दोघींना पण बोलाव इकडे, स्पीकरवर टाक."

मी तिच्या हातातून फोन घेतला. "मी तिची ताई बोलतेय," म्हटलं.