हात आणि वेग
१९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्यांच्या आवाक्यातील व्ही-८ मोटार आणली. कॅलिफोर्नियातील हौशी तरुण तिचे मडगार्ड उतरवून, वजन घटवून ती कोरड्या सरोवरांच्या सपाटीवर पळवू लागले. वेग वाढवणारे सुटे भाग मात्र सहजी मिळत नसत. व्हिक एडेलब्रॉक यांनी १९३८ मध्ये स्वतःच्या फोर्डसाठी दोन कार्ब्युरेटर बसतील असे मॅनिफोल्ड घडवले. इतरांनीही ते मागितले आणि त्यातून उद्योग उभा राहिला.

आजही घरी हॉट रॉड बांधणारा कारागीर आधी पुठ्ठ्याचा नमुना कापतो, तो जागेवर बसवून पाहतो आणि मगच पत्र्याला हात घालतो. पुठ्ठा चुकला तर नुकसान कवडीचे. स्टीअरिंगचा सांधा कच्चा राहिला तर मोल प्राणांचे. वेगाची ओढ असणाऱ्याला म्हणूनच प्रथम धीर शिकावा लागतो.