थारोळं म्हणजे काय?

गेल्या जानेवारीत आमच्या एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर नारायणगडाच्या परिसरातल्या एका खेड्यात झालं. नोटीस बोर्डावर ठिकाणाचं नाव वाचून सगळ्यात जास्त खूश झाला तो माझा पुणेकर रूम पार्टनर. सिंहगड, राजगड पालथे घातलेला गडी! ट्रेकिंगचे बूट, टॉर्च, दोरी असा सगळा सरंजाम घेऊन आला. गाडीतून उतरल्याबरोबर पहिला प्रश्न, "बुरूज कुठंय रे?"

मी हसून हसून बेजार. माझं गाव तिथून दहा-बारा किलोमीटरवर, त्यामुळे मला ठाऊक होतं. आमच्या बीडकडं गड म्हटलं की लढाईचा किल्ला डोळ्यांपुढं येत नाही. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड ही सगळी संतांची, वारकऱ्यांची ठिकाणं. नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचं स्थान. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. पार्टनरनं बूट बाहेर काढून दर्शन घेतलं आणि दोरी शेवटी कपडे वाळत घालायच्या कामी आली.

पण मित्रहो, मी हसलो खरा, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मलाच माझं हसू आलं. कारण फर्स्ट इयरला मीही असाच बुरूज शोधत फिरलो होतो.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. बारावी पाठांतरावर निभावली. कॉलेजला आल्यावर इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचं जाडजूड पुस्तक घेतलं, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि पहिल्या पानापासून प्रत्येक अडलेल्या शब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहायला लागलो. 'मोमेंट' बघितला. अर्थ मिळाला, 'क्षण'. झालं! 'मोमेंट ऑफ इनर्शिया' म्हणजे 'जडत्वाचा क्षण'. आता हा क्षण नेमका कधी येतो, या विचारात माझं अख्खं सेमिस्टर गेलं. व्याख्या तोंडपाठ, सूत्र तोंडपाठ, अर्थ शून्य. मेकॅनिक्स बॅक राहिला, हे सांगायला नकोच.

शिबिरात सकाळी श्रमदान आणि दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणं असा कार्यक्रम होता. माझ्याकडं सातवीचा वर्ग आला. मुलं बावीस. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात; परत येतात उन्हाळ्याच्या तोंडावर. तोवर पोरं आजी-आजोबांजवळ. गुरुजी म्हणाले, "वाचतात चांगली. पण वाचलेलं कळत नाही. तेवढं बघा."

मी आदल्या रात्री एक पानभर गोष्ट लिहून काढली. माझ्या आजोबांच्या विहिरीवरच्या शेवटच्या मोटेची. शब्द मोजून तीनशे. त्यात माझ्या आजोबांच्या तोंडचे शब्द होते: मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळं, पाट. मला वाटलं, खेड्यातली पोरं आहेत, यांना सगळं येत असणार. पण विहिरीवर मोटार बसून यांच्या बापांचं बालपण गेलंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही! मोट यांनी कुठं बघितलेली असणार?

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं गोष्ट घडाघडा वाचली. कुठं अडखळली नाही, स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही. मी विचारलं, "काय झालं गोष्टीत?" ती उभीच. मान खाली. शेवटी हळूच म्हणाली, "सर, वाचलं की."

मग मी तेच केलं जे माझ्यावर झालं होतं. फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडं शब्द, उजवीकडं अर्थ. न आलेले शब्द निघाले अठरा. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं अठराच्या अठरा अर्थ न चुकता म्हणून दाखवले. टाळ्या झाल्या. मी विचारलं, "आता सांग, गोष्टीत काय झालं?" परत मान खाली.

त्या मान खाली घालण्यात मला जडत्वाचा क्षण दिसला.

संध्याकाळी पार्टनरनं हिशेब मांडला. तीनशेत अठरा म्हणजे सहा टक्के. शंभरातले चौऱ्याण्णव शब्द येतात. परीक्षेत एवढे मार्क पडले तर आपण होस्टेलभर पेढे वाटू. पण वाचनाचं गणित निराळं आहे. हू आणि नेशन या दोन अभ्यासकांनी 2000 साली इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना गोष्ट वाचायला देऊन हे तपासलं होतं. त्यांचा निष्कर्ष असा, की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर शंभरातले साधारण अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच परका असावा. कारण सोपं आहे. परक्या शब्दाचा अर्थ शेजारचे शब्द सांगतात. शेजारीच परके असतील तर पत्ता कुणाला विचारणार? एका समीकरणात एकच अज्ञात असेल तर सुटतं, चार असतील तर आपणही पेन खाली ठेवतो की!

तिसऱ्या दिवशी मी यादी पुसून टाकली. आधी फळ्यावर विहीर काढली, वर चाक, दोर आणि मोट. चार-पाच मुख्य शब्द चित्रातच दाखवायचे, बाकीचे पोरांनी शोधायचे, असा बेत. दारात एक म्हातारे आजोबा नातवाला न्यायला आले होते. ते चित्राकडं बघून म्हणाले, "बाळा, तुझी मोट काय रिकामी व्हायची न्हाई. सोंदूर कुठाय?"

आणि मग त्यांनी आम्हा दोन भावी इंजिनिअरांना मोट शिकवली. नाडा म्हणजे जाड दोर, तो वरच्या चाकावरून जातो आणि भरलेली मोट ओढतो. सोंदूर बारीक, तो खालून मोटेच्या सोंडेला बांधलेला. मोट वर येईपर्यंत सोंडेचं तोंड वर धरलेलं असतं, पाणी सांडत नाही. मोट काठावर आली की सोंदूर सोंडेला बाहेर ओढतो आणि पाणी आपोआप खाली पडतं. ना स्विच, ना सेन्सर! पार्टनर वहीत आकृती काढत बसला.

आजोबा गेल्यावर मी वाक्य वाचलं, "सोंडेतून पाणी धबाधबा थारोळ्यात पडलं आणि तिथून पाटानं मळ्यात गेलं." थारोळं म्हणजे काय? अर्थ सांगणार नाही, अंदाज करा.

मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "रगत!"

वर्ग हसला. मी विचारलं, "रक्त कसं काय?" तो म्हणाला, "पेपरात असतंय की सर, रक्ताच्या थारोळ्यात पडला."

खरं सांगतो, यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. पोरानं ओळखीच्या जागेवरून अंदाज बांधला होता. मी म्हटलं, "बरं, मग 'रक्त' घालून वाक्य वाच." त्यानं वाचलं आणि स्वतःच थांबला. "पाणी रगतात कसं पडंल?" तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची ती मुलगी, विचारल्याशिवाय, पहिल्यांदाच बोलली, "पाणी त्यात पडतंय अन् तिथून फुडं जातंय. म्हंजी हौदावानी कायतरी." क्षणभर थांबून म्हणाली, "अन् रगत बी तसंच साचलेलं असतंय."

बस्स! मोटेचं पाणी जिथं पडतं तो दगडी खड्डा म्हणजे थारोळं. मोट गेली, थारोळं बुजलं, पण शब्द वर्तमानपत्रात रक्तापुरता उरला. हे मी शिकवलं नाही. तिनं शोधलं.

'धाव' शब्दावर मात्र कुणीच थांबलं नाही. "बैल धावेवरून मागं सरले." सगळ्यांनी पळणं असाच अर्थ धरला. पळता पळता बैल मागं कसे सरतील? बैलांचा ये-जा करायचा उतार म्हणजे धाव. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. अनोळखी शब्द निदान वाट अडवून उभा राहतो. ओळखीच्या चेहऱ्याचा शब्द हसत हसत फसवतो. पार्टनरचा गड, माझा मोमेंट, पोरांची धाव, सगळे एकाच जातीचे.

मग आम्ही रीत ठरवली. शब्द अडला तर लगेच थांबायचं नाही, वाक्य पुरं वाचायचं. तो वस्तू आहे की काम, ते बघायचं. शब्दाच्या पोटात ओळखीचं काही दिसतं का ते बघायचं. अंदाज करायचा, आणि तो अंदाज शब्दाच्या जागी ठेवून वाक्य परत वाचायचं. बसला तर पुढं, नाही बसला तर विचारायचं किंवा कोश उघडायचा. कोश शेवटी, पण टाळायचा नाही. दाते आणि कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड 1932 ते 1938 या काळात निघाले, ते काय कपाटाची शोभा म्हणून?

पाचव्या दिवशी पोरांनी आमची परीक्षा घेतली. पार्टनरला विचारलं, "सर, आमच्या टोळीत दहा कोयते हायेत. माणसं किती?" तो म्हणाला, "दहा." सगळा वर्ग खदाखदा हसला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, माणसं वीस. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. मग उचल, मुकादम, कोपी, वाढं... पार्टनर शून्यावर बाद. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. आपल्यालाही असे शब्द येतात जे सरांना येत नाहीत, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

शेवटच्या दिवशी निघायच्या गडबडीत ती मुलगी आली. हातात घडी पडलेला कागद. गेल्या हंगामाचा हिशेब. आजीनं वाचायला दिलेला. तिनं नेहमीसारखा घडाघडा वाचला आणि एका वाक्यावर बोट ठेवलं, "उर्वरित उचल पुढील हंगामात वळती करून घेतली जाईल."

"उर्वरित म्हंजी उरलेली, शब्दातच हाय," ती म्हणाली. "वळती म्हंजी वळवली... म्हंजी माफ केली का सर?"

मी काही बोललो नाही. तीच परत वाचायला लागली. 'घेतली जाईल' पाशी थांबली. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "न्हाई. फिटली न्हाई. फुडल्या साली कापून घेणार. म्हंजी परत जायचं."

गोष्टीत अंदाज चालतो, पैशाच्या कागदावर नाही. म्हणून आम्ही तो कागद गुरुजींकडं नेला. अंदाज बरोबर निघाला. तो चुकीचा निघावा असं मला मनापासून वाटत होतं.

तिनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "आजीला सांगते." या वेळी मान खाली नव्हती.

परत आल्यावर मी मेकॅनिक्सचं पुस्तक नव्यानं उघडलं. मोमेंटवरचा 'क्षण' खोडरबरानं पुसला, सगळा परिच्छेद वाचला, दरवाजाच्या बिजागरीजवळ ढकलून बघितलं आणि कडेला ढकलून बघितलं. बळ आणि अंतर! उन्हाळ्यात पेपर सुटला.

होस्टेलमधल्या माझ्या मराठी माध्यमाच्या दोस्तांनो, आणि इंग्रजी माध्यमाच्यासुद्धा, लेक्चरला शब्द अडला की मान खाली घालू नका. हात वर करा. प्रत्येकाचं थारोळं कुठं ना कुठं असतंच. रूम नंबर विचारत या, पार्टनर आता कोयत्याचा अर्थ फुकट सांगतो!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी