एका भट्टीचा धूर

मराठी माणसाची मद्याशी पहिली ओळख बहुधा नाटकामुळे होते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग 1919 साली बडोद्यास झाला, म्हणजे आजच्या हिशेबाने परमुलखातच झाला. परंतु त्याचा धाक मुलखातल्या घराघरांत बसला. प्याला हा शब्द कानी पडताच आमच्या मागच्या पिढीच्या डोळ्यांपुढे सुधाकर उभा राही. आमच्या घरी मात्र त्यासाठी नाटकाची गरज नव्हती. आमचा सुधाकर ओटीवरच निजत असे.

ते आमचे धाकटे काका. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या खेड्यात हातभट्टीची दारू पावसाळ्यातल्या पाण्याप्रमाणे कोठून कोठून झिरपत येई आणि काकांपर्यंत पोहोचे. तिचा आंबूस, उग्र वास हाच आमच्या लेखी काकांचा वास होता. ते गेले तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. येत्या श्रावणात त्यास 17 वर्षे होतील. पुढे केंद्र सरकारच्या नोकरीचे पत्र आले, त्या दिवशी आईने देव्हाऱ्यासमोर बसवून आमच्याकडून वचन घेतले. ते कोणते, हे सांगावयास नकोच. आम्ही ते 11 वर्षे पाळले. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, 1964 यांतील 22 वा नियम सरकारी नोकरास मुख्यतः एवढेच बजावतो की, अमलाखाली कामावर येऊ नये आणि सार्वजनिक जागी पिऊ नये. आईचा नियम याहून कडक होता आणि त्यास पोटनियम नव्हते.

बदलीच्या ओघात आम्ही जयपुरास आलो आणि परवडणाऱ्या भाड्याचा शोध घेत घेत कानोत्यास पोहोचलो. जयपूरच्या पूर्वेस, आग्र्याच्या रस्त्यावर, सुमारे 15 किलोमीटरवर हे गाव आहे. गावात ठाकुरांचा गढ आहे, जवळच धरण आहे, आणि हिवाळ्यात शेतांतून गहू, मोहरी आणि जव डुलत असतात. या गढाचे ठाकूर अमरसिंह यांनी 1898 पासून 1942 पर्यंत इंग्रजीत रोजनिशी लिहिली. तिचे 89 खंड झाले. सुझन आणि लॉइड रुडॉल्फ या अमेरिकन अभ्यासक दांपत्याने मोहनसिंह कानोता यांच्या साहाय्याने तिच्यातील निवडक भाग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आहे. रोज कचेरीत दुसऱ्यांच्या प्रकरणांवर टिपणी लिहिणाऱ्या आमच्यासारख्यास या गोष्टीचे मोठे नवल वाटते. स्वतःच्या प्रकरणावर टिपणी लिहिण्याचे धैर्य आम्हांस कधी झाले नव्हते.

मद्याच्या बाबतीतही कानोत्याचे नाव आहे. राजस्थानातील पुष्कळ ठिकाण्यांच्या, म्हणजे जहागिरींच्या, स्वतःच्या भट्ट्या असत आणि प्रत्येक घराण्याची कृती निराळी असे. कानोत्याच्या मद्याचे नाव चंद्रहास. मसाले आणि वनस्पती घालून ते काढीत. पुढे गंगानगर शुगर मिल्स या राजस्थान शासनाच्या कंपनीने अशा जुन्या कृतींवरून मद्ये तयार करून विकावयास आणली, त्यांत चंद्रहासही आहे. रावणाच्या तलवारीचे नाव पेल्यास देणाऱ्या माणसास त्या वस्तूची धार ठाऊक असली पाहिजे, असे आमच्या मनात येई. आणि तेवढ्यावरच आम्ही थांबत असू.

परंतु यंदा जानेवारीत आमचा आतेभाऊ जयपूर पाहावयास आला. तो व्यापारी जहाजावर नोकरीस आहे. कोकणातल्या कित्येक घरांतून एक मुलगा समुद्रावर जातो आणि एक कचेरीत. जाताना त्याने एक बाटली मागे ठेवली. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एका बेटावर, लॅगाव्हुलिन नावाच्या भट्टीत काढलेली, 16 वर्षे पिंपात मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की. "कोणी पाहुणा आला तर," असे तो म्हणाला. आमच्याकडे कोण पाहुणा येणार! दोन महिने ती कपाटात, धुतलेल्या चादरींच्या मागे, प्रलंबित प्रकरणासारखी पडून राहिली.

मग होळी आली. शिमग्याला घरी नसलेल्या कोकणी माणसाची अवस्था ज्यांनी भोगली आहे त्यांस ती सांगण्याची जरुरी नाही, आणि ज्यांनी भोगलेली नाही त्यांस ती सांगून कळणार नाही. रजा मागितली होती, मिळाली नाही. गावी पालखी नाचत असेल त्या वेळी आम्ही कानोत्यास खिडकीपाशी बसून होतो. बाहेर होळीच्या ज्वाळेवर लोक जवाच्या ओंब्या धरीत होते. नवे धान्य आधी अग्नीस दाखवून मग घरी न्यावयाचे, ही इकडची रीत. शेजारचे निवृत्त सुभेदारसाहेब अशाच चार भाजलेल्या ओंब्या घेऊन आमच्या दारी आले आणि आमचे तोंड पाहून म्हणाले, "बाबूजी, सणाच्या दिवशी घरात कोणी गेल्यासारखे काय बसलात?"

इकडे मनुहार नावाचा एक प्रकार आहे. आग्रह हा शब्द त्यास अपुरा पडतो. कारण आग्रह मोडता येतो. सुभेदारसाहेब आम्हांस आपल्या घरी नेऊ लागले, तेथे काय होणार हे आम्हांस दिसू लागले, आणि त्या भिडेत आमच्या तोंडून निघून गेले की, बाटली तर आमच्याकडेही आहे. त्यांनी ती पाहिली, चष्मा लावून तिच्यावरील मजकूर वाचला, आणि घरी जाऊन निमुळत्या तोंडाचे दोन काचेचे पेले घेऊन आले. "हिला घाई चालत नाही," एवढेच म्हणाले. पलटणीच्या मेसमध्ये त्यांनी ही विद्या मिळविली होती.

सिंगल याचा अर्थ एका पिंपातली असा आम्ही समजत होतो. तसे नाही. एक म्हणजे एक पिंप नव्हे, एक भट्टी. बाजारातील बहुतेक स्कॉच अनेक भट्ट्यांची मिसळ असते. सिंगल माल्ट मात्र एकाच भट्टीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून आणि तांब्याच्या पात्रांतून काढलेली असावी लागते. स्कॉच म्हणविण्यासाठी किमान 3 वर्षे तिने ओकच्या पिंपात, तेही स्कॉटलंडातच, काढली पाहिजेत. आपल्या घरी नाचणीस मोड आणून, वाळवून सत्त्व करतात, त्यासारखीच जवाची ही सुरुवात. फरक एवढाच की, लॅगाव्हुलिनसाठी जव वाळविताना त्यास पीटचा धूर देतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे दबून राहिलेला अर्धवट कुजका पालापाचोळा. गोवऱ्यांप्रमाणे त्याचे तुकडे वाळवून जाळतात. या बेटाच्या नावाचा उच्चार आयला असा आहे. मराठी माणूस तो शब्द निराळ्या प्रसंगी काढतो; परंतु पहिल्या घोटानंतर तो आमच्याही तोंडून भूगोलाचे स्मरण न होता निघाला, हे मान्य केले पाहिजे.

पेल्यात ओतल्यावर सुभेदारसाहेबांनी आम्हांस बराच वेळ पिऊ दिले नाही. वास घ्या, म्हणाले. तोंड किंचित उघडे ठेवून, पेला नाकापासून दूर धरून. आम्ही भीतभीतच वाकलो. ओटीवरचा तो आंबूस दर्प येणार, अशी मनाची तयारी करून वाकलो. तो आला नाही. आधी सरकारी दवाखान्यातल्या आयोडिनचा वास आला. मग, खोटे वाटेल, पण ओहोटीच्या वेळी खडकांवर उघडे पडणाऱ्या शेवाळाचा वास आला. समुद्रापासून शेकडो कोस दूर, जेथे वर्षातले आठ महिने ओठ फुटतात अशा ठिकाणी, आमच्या खोलीत ओहोटी लागली. पुढे कळले की ती भट्टी 1816 पासून एका लहानशा खाडीच्या अगदी काठाशी उभी आहे आणि समोर एका जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. असे स्थळ रत्नागिरीच्या माणसास परके कसे वाटावे?

मग त्यांनी चमच्याने पाण्याचे तीन-चार थेंब टाकावयास सांगितले. पाण्याने वस्तू फिकी होते असा आमचा अनुभव. येथे उलटेच झाले. स्वीडनमधील लिनिअस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये याची उपपत्ती मांडली आहे. व्हिस्कीच्या धुरकट वासात ग्वायाकॉल नावाच्या द्रव्याचा वाटा असतो. मद्यार्क फार असला तर ते आत दडून राहते, आणि पाणी मिळाले की पृष्ठभागाकडे येते. हे द्रव्य वनस्पती जळताना निर्माण होते. म्हणजे लाकूड, पाला, पीट यांच्या धुरांत दूरचे नाते आहे. त्या वेळी आम्हांस यातले काही ठाऊक नव्हते. आम्हांस एवढेच कळले की पेल्यातून राब भाजल्याचा वास येत आहे.

घाटावरील वाचकांसाठी सांगतो. कोकणात भातरोपांच्या जागेवर फाल्गुन-चैत्रात शेण, टहाळे, पातेरा यांचे थर पसरून, वर माती टाकून ते पेटवितात. हीच भाजावळ. आमच्या घरची भाजावळ काका करीत. वाऱ्याच्या तोंडाने आग लावली तर ती धावत सुटते आणि जमीन कच्ची राहते. म्हणून वाऱ्याच्या उलट बाजूने लावावयाची, म्हणजे ती सावकाश, धुमसत, मातीत उष्णता मुरवीत पुढे सरकते. हे आम्हांस काकांनी शिकविले होते. आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असू. हातात ओला टहाळा घेऊन ते बांधावर उकिडवे बसलेले असत, आणि आम्ही त्यांच्या पाठीस टेकून. त्यांच्या सदऱ्यास हाच वास होता. तेव्हा ते पीत नव्हते.

आम्ही पेला खाली ठेवला. सुभेदारसाहेबांनी काही विचारले नाही. थोड्या वेळाने आपणच भट्टीविषयी बोलू लागले. मद्य काढताना जी पहिली धार येते ती वेगळी काढावयाची, शेवटची येते तीही वेगळी काढावयाची. मधली तेवढी पिंपात भरावयाची. चांगल्या भट्टीवाल्याची सारी विद्या काय ठेवावे यापेक्षा काय बाजूस सारावे यात असते. त्यातही धुराचा अंश उशिरा उतरतो. हात लवकर आखडला तर धूर हुकतो, उशीर केला तर घाण उतरते. "हातभट्टीवाला काही टाकीत नाही," ते म्हणाले, "त्यास थेंबाथेंबाचे पैसे हवे असतात."

आम्ही ऐकत होतो आणि मनातल्या मनात आमचीच टिपणी लिहीत होतो. 17 वर्षे आम्ही काकांची केवळ शेवटची धार साठवून ठेवली होती. ओटीवरचा माणूस तेवढा आमच्या स्मरणात राहिला. बांधावरचा आम्ही ओतून दिला होता.

याचा अर्थ असा नव्हे की मद्य माणूस परत देते. काकांना मद्यानेच नेले, आणि त्यांच्यामागे काकूने काढलेली वर्षे कोणत्याही पिंपात मुरून गोड होणार नाहीत. आम्ही घेतलेली वस्तू आणि काकांनी घेतलेली वस्तू मुळात एकच, हेही आम्ही जाणतो. सुभेदारसाहेबांनी दुसरा पेला भरला नाही, आम्ही मागितला नाही. त्यांनी बूच घट्ट बसविले आणि जाताना भाजलेल्या ओंब्या तेवढ्या आमच्या हातात दिल्या.

रात्री झोप येईना म्हणून आम्ही कारकुनी हिशेब मांडत बसलो. स्कॉटलंडात पिंपातील मद्य दर वर्षी सुमारे 2 टक्के उडून जाते. तिकडे त्यास देवदूतांचा वाटा म्हणतात. त्या दराने 16 वर्षांत शंभरातील 28 भाग जातात, 72 उरतात. आपल्याकडच्या उन्हात हीच घट वर्षाला 10 टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे तेवढ्या काळात पाचवा हिस्साही राहणार नाही. आपल्या देशातही आता उत्तम सिंगल माल्ट होतात. बंगळूरच्या अमृतने आपली सिंगल माल्ट 2004 साली थेट ग्लासगोस नेऊन विकावयास ठेवली. परंतु येथे पिंपे थोड्या वर्षांतच उघडावी लागतात. इतकी वर्षे आम्ही आठवण बंद करून ठेवली होती, आणि तीत काही उरले असेल असा आमचा अंदाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावी फोन लावला. पालखीची हकिकत ऐकून झाल्यावर आईस सारे सांगितले. वचन मोडले हे आधी सांगितले, वासाचे मागाहून. बराच वेळ ती बोलली नाही. मागे कोंबडा आरवत होता. मग म्हणाली, "भाऊजींचे कांबळे माळ्यावर आहे. मी दोनदा धुतले. तो वास काही जात नाही."

पुन्हा थांबून तिने विचारले, "उरली आहे का रे ती?"

उरली आहे, असे आम्ही सांगितले.

"तू आता घेऊ नकोस. येशील तेव्हा आण. मी नुसता वास घेईन."

महाराष्ट्रात ती न्यावयाची तर परवाना लागेल. त्याचे नियम आम्ही पाहत आहोत. बाटली चादरींच्या मागून काढून पुढच्या फळीवर, ओंब्यांच्या शेजारी ठेवली आहे. पुढच्या शिमग्याच्या रजेचा अर्ज टंकलिखित करून तयार आहे. कारणाच्या रकान्यात घरगुती असे लिहिले आहे.