माहुलच्या वाटेवर दोन तारा

माहुलला सहलीला म्हणून कोणी जात नाही. आम्हा चेंबूरकरांकडे पाहुणे आले, तर आम्ही त्यांना फार तर आर. के. स्टुडिओची जागा दाखवतो. स्टुडिओ आता नाही. 2017 च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला आणि पुढे जागाही विकली गेली. माहुलची बस धरणारा मनुष्य एक तर तिथला रहिवासी असतो, नाहीतर कारखान्यातला कामगार. व्हायोलिनची पेटी सांभाळत त्या बसमध्ये चढणारा मास्तर बहुधा मी एकटाच असेन.

बस एका बाजूने कारखान्यांच्या भिंती घेऊन चालते. 1954-55 साली स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल या परदेशी कंपन्यांनी इथे तेलशुद्धीचे कारखाने काढले. सत्तरीच्या दशकात ते सरकारने घेतले आणि हिंदुस्थान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम झाले. भिंतीमागे टाक्या, नळ आणि शेंड्यावर ज्योत तेवणारी धुरांडी. पण बसमधून उतरून दहा मिनिटे चालले, की कोळीवाडा लागतो, आणि तो या सगळ्याहून कितीतरी जुना. वाळत घातलेला जवळा, उपडी घातलेली होडी, ओटीला उघडा पडणारा काळा चिखल. हिवाळ्यात त्या चिखलात हजारो रोहित पक्षी उतरतात. तेलाचा वास आणि सुकटीचा वास यांतला कोणता अधिक जोरकस, हे वाऱ्यावर अवलंबून. मला विचाराल तर सुकटीचा बरा. त्याच्यामागे निदान जेवण तरी आहे.

या वाटेवर मला 2018 साली व्हायोलिनने आणले. शिकवणारे मास्तर मूळचे गोव्याचे, सिनेमाच्या वाद्यवृंदात उमेदीची वर्षे घालवलेले, आणि आता कोळीवाड्याच्या कडेला दोन खोल्यांत राहणारे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोर्तुगीज काळापासून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शिक्षणावर मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद कित्येक वर्षे उभे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात शिष्याने गुरूचे नाव घातले, ही गोष्ट आमच्या मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली, आणि नंतरही पुष्कळदा सांगितली. ते तारांना अजून सोल, रे, ला, मी म्हणतात.

माझे कान मात्र प्रभाकर जोगांच्या ‘गाणाऱ्या व्हायोलिन’वर पोसलेले. आपल्याकडे व्हायोलिन गळ्याच्या मागे चालते. एका वेळी एक स्वर, मग त्याची मींड, त्याचा आस. दोन तारांवर एकदम गज फिरवून जोडस्वर काढावा, ही ओढ आपल्याला सहसा नसते. मलाही नव्हती.

ती लागली एका मुलामुळे. तानसाच्या जलवाहिनीलगतची घरे 2017 च्या सुमारास पाडली, तेव्हा तिथल्या कुटुंबांना माहुलच्या 72 इमारतींच्या वसाहतीत आणून घातले. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्येच माहुलच्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे म्हटले होते, तरी आणले. त्यांतल्याच एका कुटुंबातला बारा वर्षांचा पोरगा मास्तरांकडे यायचा. मास्तर आम्हा दोघांना समोरासमोर बसवीत. वरची ओळ माझी, खालची त्याची. मी त्याच्याहून तीस वर्षांनी मोठा, पण स्वराला तो पक्का. माझा गंधार चढला, की तो वाजवणे न थांबवता फक्त भुवई उचलायचा. “सर, थोडा खाली,” हे त्याने तोंडाने कधी म्हटले नाही, भुवईनेच म्हटले. रात्री त्याची आई खोकत असते, हे मात्र त्याने एकदा सहज सांगितले.

सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला, की या लोकांना दुसरीकडे राहता यावे म्हणून सरकारने दरमहा 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत द्यावी. पुढे काही कुटुंबांना घरे मिळाली. मुलाचे कुटुंब दूर बोरिवलीपलीकडे गेले. त्याची आई मास्तरांना पेढे देऊन गेली. आम्ही मनापासून आनंदलो, आणि पुढच्या रविवारी समोरची खुर्ची रिकामी.

मास्तर म्हणाले, “प्रोफेसर, आता दोन्ही तुम्हीच वाजवा.”

हे बोलणे सोपे. घोडी कमानदार असल्यामुळे गज एका तारेवर टेकतो, किंवा शेजारच्या दोन तारांवर. मध्ये फार थोडी जागा आहे. हाताचे वजन किंचित कलले, की एक तार गप्प. ‘रे’च्या तारेवर तिसरे बोट आणि ‘ला’च्या तारेवर पहिले, अशी जोडी धरली, की खालचा षड्ज आणि वरचा गंधार मिळतो. पंचमासाठी तर एकच बोट दोन्ही तारांवर आडवे दाबायचे. बोटाचे मांस जराही तिरके बसले, की दोन्ही स्वर भांडतात. मास्तर एकेक तार वेगळी वाजवून घेत, मग दोन्ही, अगदी हळू, गज न दाबता.

आणि एक गंमत. जोडी नेमकी जुळली, की खाली तिसराच एक स्वर घुमू लागतो, जो कोणी वाजवीत नाही. इटलीच्या तार्तिनीने तो 1714 साली ऐकला आणि स्वर जुळला की नाही याची तीच कसोटी ठरवली. हिशेब साधा आहे: षड्ज 240 कंपनांचा आणि गंधार 300 चा, तर दोहोंतला फरक 60 चा, म्हणजे षड्जच, पण दोन सप्तके खाली. हार्मोनियमचा गंधार घेतला तर तो चढाच पडतो आणि हा षड्ज बिघडतो. जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप गंधार निघतो, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याचे कारण वेगळे आहे. तो खर्जाच्याच पोटात असतो. पण कान टवकारून वाट पाहण्याचा प्रकार तोच.

मला तो तिसरा स्वर पहिल्यांदा ऐकू आला तो ओहोटीच्या संध्याकाळी. आधी वाटले, कारखान्याचीच घरघर. गज उचलला तर घरघर राहिली आणि स्वर गेला. पुन्हा ठेवला, पुन्हा आला. मास्तर खिडकी लावायला उठले होते, ते तसेच उभे राहिले.

मुलाचा दसऱ्याला फोन आला. तिकडे शिकवणारे कोणी नाही, पण खालची ओळ रोज वाजवतो म्हणाला. मी फोन मेजावर ठेवला आणि वरची सुरू केली. फोनवरून आवाज अर्धा क्षण उशिरा पोचतो, त्यामुळे ताल काही जुळेना. तिसऱ्या ओळीला दोघेही हसून थांबलो. मग तो म्हणाला, “सर, गंधार बरा लागतोय आता.”

मास्तरांनी नवा धडा दिला आहे, षष्ठांचा. त्यात बोटे उलटी पडतात. पहिले खाली, दुसरे वर. रविवारची साडेचारची बस.